पांढऱ्या कुर्त्यावरचा हळदीचा डाग कसा गेला

भावाच्या हळदीत माझ्या पांढऱ्या सुती कुर्त्याच्या बाहीवर वीतभर डाग पडला. घरी आल्याआल्या मी त्यावर कपड्यांची वडी घासली, तर पिवळा डाग बघता बघता विटकरी लाल झाला! वाटलं, संपला कुर्ता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घाबरू नकोस. नीट खळबळून घे आणि उन्हात टाक."

झालं असं होतं, की हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, साबणाच्या क्षाराने लाल होतं. लिंबू पिळलं की परत पिवळं दिसतं, पण डाग तिथेच असतो. त्याला खरा उतारा उन्हाचा, कारण प्रकाशात कर्क्युमिनचा रंग तुटत जातो.

मग साध्या पाण्यात साबण पूर्ण काढला, कुर्ता ओलाच गच्चीवर पसरला, डाग वरच्या बाजूला. दुपारी कडा फिक्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून ठेवला आणि संध्याकाळी शोधूनही डाग सापडेना.

डाग जाईपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका. रंगीत कपडा असेल तर जपून, उन्हाने त्याचाही रंग उडतो.