अचानक हल्ला करणाऱ्याला मराठीत काय म्हणावे? नेमका शब्द कसा निवडावा

बेसावध माणसावर तुटून पडणाऱ्याला आपण सरसकट ‘हल्लेखोर’ म्हणतो. शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आधी धमकी देऊन, दिवसाढवळ्या समोरून आलेलाही हल्लेखोरच असतो. गाठणाऱ्याने गाफील गाठले, हे त्या शब्दातून कळत नाही. मराठीत हा अवचितपणा नामापेक्षा क्रियापदात जास्त असतो. म्हणून आधी क्रियापद ठरवा, माणसाला नाव नंतर द्या.

१. तो लपून बसला होता की चालून आला, ते पाहा

वाटेत लपून सावजाची वाट पाहिली असेल, तर ‘दबा धरणे’. दुसऱ्याच्या ठिकाणावर जाऊन अवचित तुटून पडला असेल, तर ‘छापा घालणे’. शिवकाळातल्या दोन प्रसंगांत हा फरक लख्ख दिसतो. १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखानाचे सैन्य उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत शिरले, तेव्हा मावळे दाट रानात दबा धरून बसले होते. १६६३ च्या एप्रिलमध्ये मात्र शिवाजी महाराज स्वतः निवडक माणसांनिशी रात्री पुण्याच्या लाल महालात शिरले आणि शाहिस्तेखानाची बोटे छाटली गेली. हा छापा. उंबरखिंडीलाही छापाच म्हटले, तर शत्रू आपल्या पायांनी खिंडीत आला, ही त्या लढाईतली सगळ्यात महत्त्वाची गोष्टच निसटते.

‘टपून बसणे’ त्या मानाने हलके. मांजर उंदरावर टपते, कुणी दुसऱ्याच्या जागेवर टपलेला असतो. दबा धरणाऱ्याला मात्र झडप घालायचीच असते. बिबट्याच्या बातमीत ‘दबा धरणे’ आणि ‘झडप घालणे’ हे दोन्ही प्रयोग जोडीने येतात ते उगाच नाही.

२. हेतू तपासा

ठार मारायला आलेला तो ‘मारेकरी’. ‘मारेकरी घातले’ या जुन्या प्रयोगात मागे कुणीतरी पाठवणारा आहे, हेही आपोआप येते. लुटायला आलेले दरोडेखोर ‘घाला घालतात’. पूल उडवणारा किंवा रूळ उखडणारा ‘घातपाती’. प्रत्यक्ष घटनेच्या वेळी तो तिथे नसेलही.

३. तुम्ही कुणाच्या बाजूने लिहिता, ते ठरवा

‘-खोर’ हा प्रत्यय बहुधा दोष दाखवतो: भांडखोर, चुगलखोर, लाचखोर. त्यामुळे आपल्या सैनिकांना कुणी हल्लेखोर म्हणत नाही. लष्करी संदर्भात बाजू न घेता लिहायचे असेल, तर ‘छापामार’ चालतो.

‘गनीम’ मात्र जपून वापरा. ‘गनिमी कावा’ सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे गनीम म्हणजे लपूनछपून लढणारा, असा समज झाला आहे. गनीम म्हणजे शत्रू, एवढेच. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत आणि मराठी कागदपत्रांत शत्रूला गनीम म्हटलेले आढळते. मावळ्यांच्या पराक्रमावर लिहिताना ‘आपल्या गनिमांनी’ असे लिहिले, तर अर्थ थेट उलटा होतो. तिथे ‘गनिमी काव्याने लढणारे मावळे’ असे पूर्ण लिहावे.

४. वाक्य मोडून पुन्हा बांधा

हे वाक्य घ्या: ‘अज्ञात हल्लेखोरांनी गाडीवर अचानक अनपेक्षित हल्ला केला.’ अचानक आणि अनपेक्षित एकाच अर्थाचे, हल्ला दोनदा, आणि तरी चित्र उभे राहत नाही. आता हे वाचा: ‘झाडीत दबा धरून बसलेल्या चौघांनी गाडी वळणावर येताच हल्ला चढवला.’ ‘अचानक’ गेले आणि अवचितपणा वाढला. नामही साधे ‘चौघांनी’ झाले, कारण भार ‘दबा धरून’ने उचलला. मला हे दुसरे वाक्य कधीही जास्त विश्वासार्ह वाटते; ते लिहायला घटना नीट माहीत असावी लागते.

जागा ठाऊक नसेल तर ‘बेसावध गाठून’ किंवा ‘पाठीमागून येऊन’ म्हणा. घटना चालू काळातली असेल आणि गुन्हा सिद्ध व्हायचा असेल, तर पकडलेल्या व्यक्तीला ‘मारेकरी’ न म्हणता ‘संशयित’ म्हणा.

५. शेवटी ऱ्हस्व-दीर्घ पाहून घ्या

गनीम लिहिताना ‘नी’ दीर्घ. गनिमाला, गनिमी यांत ऱ्हस्व. ‘मारेकरी’चे सामान्यरूप मारेकऱ्याने, मारेकऱ्यांना. पोलीस किंवा आयकर खाते छापा ‘टाकते’; लढाईत तो ‘घालतात’.