मायनिंग शब्दाचं मूळ कसं शोधायचं

कोळशाचं मायनिंग, डेटा मायनिंग, बिटकॉइन मायनिंग, शिवाय जमिनीत पेरलेला माइन, म्हणजे भूसुरुंग. हे सगळं एकाच शब्दाचं कुटुंब आहे. ते उलगडायचं तर आधी नुसते सारखे दिसणारे शब्द बाजूला काढा. इंग्रजीतला 'माझं' अर्थाचा माइन वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. खाणीचा माइन जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मागे बहुतेक केल्टिक, म्हणजे पश्चिम युरोपातल्या जुन्या, भाषा आहेत.

मग अर्थ कुठे फुटला ते बघा, इथेच खरी मजा आहे. किल्ल्याला वेढा पडला की तटाखाली भुयार खणायचे, आत लाकडाचे टेकू लावायचे, मग टेकूच पेटवून द्यायचे की वरचा तट खचायचा, पुढे बंदुकीची दारू आल्यावर त्याच भुयारात दारू ठासायला लागले आणि भुयाराचं नाव स्फोटकाला चिकटलं. आपल्या सुरुंगाचंही अगदी तेच झालंय, मूळ अर्थ भुयार! १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याचा बुरूज सुरुंगानेच उडवला, आणि १७०० च्या सातारच्या वेढ्यात मोगलांचा एक सुरुंग उलटला नि त्यांचीच माणसं गाडली गेली.

मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, १८५७ ची आवृत्ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट शोधता येते. खाण, खणणे, खनिज, उत्खनन सगळे संस्कृत खन् या धातूचे, म्हणजे क्रियापदाच्या मुळाचे. खंदक आपल्याकडे फारसी-अरबीच्या वाटेने आला, पण फारसीतलं 'कंदन' म्हणजे खणणं, आणि ते या खन् चंच भावंड. खाणावळ मात्र यात घालू नका, ती खाण्यावरून आलीय, कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडायचं नाही.

नव्या अर्थांना जुने कोश पुरत नाहीत, तिथे त्या विषयाचं मूळ लिखाण गाठा. बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या २००८ च्या मूळ पेपरमध्ये नवीन नाणी चलनात येण्याची तुलना थेट सोनं खणून काढणाऱ्यांशी केलीय, म्हणजे तिथे शब्द कुठून आला हे कळायला वेळ लागत नाही. डेटा मायनिंगला जरा थांबून विचार करा. कोळशाच्या मायनिंगमध्ये कोळसा बाहेर काढतात, डेटा मायनिंगमध्ये डेटा आधीच हातात असतो, तोच खणायचा आणि त्यातून पॅटर्न काढायचा, त्यामुळे मराठी करताना 'डेटा काढणे' लिहिलंत तर चुकेल, 'डेटातून काढणे' हवं.