अण्णांच्या कटिंग टेबलावर फेशियल: १ लाख ८० हजारांत घरचं पार्लर

कराडात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, टेलरिंगचं दुकान होतं. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा त्यांनी मशीन झाकून ठेवलं आणि दहा बाय चौदाची खोली मोकळी झाली. थोरल्या जाऊबाईंनी लग्नाआधी आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा कोर्स केलेला. मी पाच वर्षं दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये हात बसवून घेतलेला. सासूबाई नऊवारी अशी नेसवतात की नवरी वरातीत नाचली तरी काष्टा हलत नाही. माणसं घरातच होती, पैसे तेवढे जमवायचे होते. ८० हजार आमचे, ५० भिशीचे आणि ५० मुद्रा कर्जाच्या शिशु गटातून. शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात, तारण लागत नाही.

तुमच्याकडेही अशी एखादी खोली असेल, तर सामान आणण्याआधी तिथे चटई टाका आणि उताण्या झोपा. खरंच झोपा. फेशियलला येणारी बाई पाऊण तास छताकडेच बघत असते. मी झोपले तेव्हा मला गळतीचा पिवळा डाग दिसला, पंख्याच्या पात्यांवरची काळी धूळ दिसली, आणि ट्यूबलाइट थेट डोळ्यांत घुसत होती. आमच्या डोक्यात तोवर भिंतीला वॉलपेपर आणि पीओपीचं छत होतं. दोन्ही रद्द केलं, गळती काढली, साधा पांढरा रंग दिला, ट्यूब बाजूच्या भिंतीवर नेली. हे सगळं, तुटक्या फरशा बदलण्यासकट, १४ हजारांत झालं.

मग वायरिंग. इथे काटकसर करू नका. आम्ही केली होती. उद्घाटनाच्या आधी ताई (जाऊबाईंना मी ताई म्हणते) माझ्याच केसांवर हात साफ करत होत्या. १८०० वॅटचा ड्रायर त्यांनी घरातल्या साध्या एक्स्टेंशनला लावला, आणि चार मिनिटांत जळक्या प्लॅस्टिकचा वास. प्लग सॉकेटला चिकटून बसला होता. साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. ड्रायर, स्टीमर, गीझर, एसी यांना प्रत्येकी १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा, आणि गीझर-एसीची वायर थेट बोर्डातून वेगळी ओढलेली हवी. इलेक्ट्रिशियनला ‘चार पॉइंट काढ’ एवढंच सांगू नका. कागदावर लिहून द्या, कुठल्या भिंतीला, जमिनीपासून किती उंचीवर, त्यावर काय चालणार. खुर्चीमागून वायर लोंबली की दिवसातून दहा वेळा पाय अडकतो. कमर्शियल मीटर धरून आमचे यात २४ हजार गेले. सगळ्या खर्चात मला सर्वांत कमी रुखरुख याच आकड्याची.

पाण्याचं काम गवंड्याला नीट समजावून सांगावं लागतं, कारण त्याच्या डोक्यात मोरी असते. केस धुण्याच्या बेसिनच्या पाइपला उतार भरपूर हवा आणि केस अडकायला जाळी अशा ठिकाणी हवी की रोज संध्याकाळी हाताने काढता येईल. आमची पहिली जाळी बेसिनच्या पोटात होती. आठवड्यात पाइप तुंबला आणि एका बाईंच्या डोक्याला मेंदी तशीच ठेवून त्यांना आमच्या न्हाणीघरात न्यावं लागलं. बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. गीझर १५ लिटरचा साठवणीचा घ्या. तीन लिटरच्या इन्स्टंटमध्ये लांब केस धुताना मध्येच गार पाणी येतं, आणि कराडच्या डिसेंबरात गार पाणी मानेवर आलं की बाई जी उठते ती पुन्हा येत नाही.

आता फर्निचर, ज्याची सगळ्यांना आधी घाई असते. अण्णांचं सागवानी कटिंग टेबल विकायला काढलं होतं. भंगारवाला दीड हजार देत होता. ताईंनी टेप लावला. लांबी सव्वासहा फूट, रुंदी अडीच. फेशियल बेडला आणखी काय लागतं? फक्त उंची जास्त होती. उभ्याने कापड कापायचं टेबल ३६ इंच होतं. सुताराने पाय कापून ते २४ इंचांवर आणलं, वर चार इंच फोम आणि रेक्झिन, म्हणजे बसली उंची २८. डोक्याच्या बाजूला थोडा उतार दिला. एकूण ३,८०० रुपये. ही उंची पुस्तकातून घेऊ नका. स्टुलावर बसा, कोपर काटकोनात ठेवा, आणि झोपलेल्या बाईचा चेहरा त्या कोपराच्या किंचित खाली येतो का पाहा. दोन इंच चुकले तर तिचं काही बिघडत नाही, तुमची कंबर जाते.

खुर्च्या जुन्या घ्यायला हरकत नाही. बंद पडलेल्या पार्लरच्या हायड्रॉलिक खुर्च्या आम्हाला साडेपाच हजाराला एक अशा दोन मिळाल्या. पण घेताना घाई नको. खुर्ची पूर्ण वर पंप करा, घरातल्या सगळ्यात जड माणसाला बसवा आणि चहा प्या. चहा संपेपर्यंत खुर्ची खाली आली असेल तर पंप गेलेला आहे. बुडाशी तेलाचे डाग असतील तरीही सोडा. फाटलेलं रेक्झिन मात्र बघून न बघितल्यासारखं करा. ते बदलणं स्वस्त, आणि भाव पाडायला उपयोगी. थ्रेडिंगची खुर्ची आम्ही नवी घेतली, कारण तिची मान टेकायची जागा दिवसाला वीस वेळा मागेपुढे होते आणि जुन्यात तीच झिजलेली असते.

आरसा काचेच्या दुकानातून फुटावर कापून घेतला. तयार ‘सलून मिरर’चा भाव ऐकून सासूबाई म्हणाल्या, “यात तोंड काय वेगळं दिसतंय का?” वेगळं दिसतं ते उजेडाने. दिवा डोक्यावर असेल तर भुवईखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. मग थ्रेडिंगमध्ये केस राहतात आणि मेकअप थापला जातो. आरशाच्या दोन्ही बाजूंना, तोंडाच्या उंचीवर, उभ्या एलईडी पट्ट्या लावा. खोक्यावर ४००० केल्विन लिहिलेलं बघून घ्या. ६५०० वाल्या निळसर पांढऱ्या उजेडात केलेला नवरीचा मेकअप लॉनवरच्या पिवळ्या दिव्यांत भलताच दिसतो. एका मुलीच्या हळदीला आम्ही हे शिकलो. फोटो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे, मी तिकडे बघत नाही.

खुर्च्या, बेड, आरसे-दिवे मिळून २८,८०० झाले. पडदा फुकटात पडला, अण्णांकडच्या उरलेल्या अस्तराच्या ताग्याचा. पडद्याचं महत्त्व आमच्यासारख्या गावात फार. वॅक्सिंगला आलेली बाई पहिला प्रश्न विचारते, “बाहेरून दिसत नाही ना?” दाराच्या काचेला धुरकट फिल्म लावा, आणि रात्री आत दिवा लावून स्वतः रस्त्यावर उभं राहून बघा. दिवसा न दिसणारं रात्री दिसतं.

याच संदर्भात अण्णांचा प्रश्न उभा राहिला. चाळीस वर्षांची सवय, ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारत, “कुणाच्या गं तुम्ही?” बायका दारातून परत जाऊ लागल्या. त्यांना हलवायचं कसं? शेवटी नॅपकिनांचं खातं त्यांच्याकडे दिलं. धुणं, मागच्या गच्चीवर वाळवणं, मोजून घड्या. ते मागे गेले आणि आजवर एक नॅपकिन हरवला नाही. घरच्या धंद्यात प्रत्येकाला काम द्यावं लागतं, आणि कधीकधी ते काम जागा बघून द्यावं लागतं.

नॅपकिन किती घ्यायचे? गिऱ्हाइकामागे दोन धरा. दहा जणींना वीस. पावसाळ्यात आमच्याकडे कापड वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून पन्नास. फेशियलला पांढरे, उकळत्या पाण्यात घालता येतात. हेअर कलरला मरून. चिमटे, कात्र्या आधी साबणाच्या पाण्यात घासायच्या, पुसायच्या, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. अवजारं निर्जंतुक करायचा तो निळ्या दिव्याचा डबा दिसायला छान, पण मळकट चिमटा त्यात ठेवला तर मळकटच बाहेर येतो. वॅक्सच्या डब्यात वापरलेली पट्टी दुसऱ्यांदा बुडवायची नाही, मग समोर सख्खी बहीण असली तरी. आणि केसांना रंग लावायच्या ४८ तास आधी तो कानामागे थोडा लावून बघायचा. “मी नेहमी लावते” म्हणणाऱ्या बाईंनाही.

मालात आम्ही मार खाल्ला. एका डीलरने ‘दहावर दोन फ्री’ म्हणत ब्लीचचे आणि फेशियल किटचे खोके गळ्यात मारले. तारखा बघितल्या नाहीत. चार महिन्यांत निम्मे फेकले. तेव्हापासून आधी तारीख, मग भाव. सुरुवातीला एकेक नग आणा. वॅक्सच्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर उघडल्याची तारीख लिहा आणि एकीचे हात झाले की एक रेघ ओढा. माझ्या पहिल्या डब्यावर नऊ रेघा होत्या, ताईंच्या डब्यावर तेरा. दर ठरवताना भांडण झालं नाही, कारण झाकणं समोर होती.

कागदपत्रांना लोक उगाच घाबरतात. आमच्यासारखी दोन-तीन माणसं कामाला असतील तर दुकान-आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की भागतं. छोट्या धंद्यांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पाटी मराठीत हवी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही.

दसऱ्याला उघडलं. मुहूर्त म्हणून बरा आणि हिशोबानेही बरा, कारण पुढे दिवाळी आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. चूक एवढीच केली की पहिल्या दिवशी थ्रेडिंग फुकट ठेवलं. साठेक बायका आल्या, आम्ही दोघी. चाळिसाव्या बाईच्या दोन भुवया दोन जिल्ह्यांतल्या झाल्या. त्यापेक्षा आधी पंधरा दिवस गाजावाजा न करता ओळखीच्यांना पैसे घेऊन बोलवा, काय अडतं ते कळू द्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून लाकडी कंगवा आणि दरपत्रक दिलं. त्यातून आलेल्या बायका टिकल्या.

१ लाख ८० हजारांतले २३ हजार मी उघडताना हातच लावू दिले नव्हते. आषाढात लग्नं जवळजवळ नाहीत, पाऊस, बायका घराबाहेर पडत नाहीत; वीजबिल आणि मुद्राचा हप्ता मात्र वेळेवर. ते २३ हजार तिथे कामाला आले. श्रावणात मंगळागौरीच्या नऊवारी आणि अंबाड्यांनी सासूबाईंनी एकटीने गल्ला भरला.

राहिला नातेवाइकांचा प्रश्न. घरचं पार्लर म्हटलं की चुलत, मावस, आते सगळ्या ‘आपलंच आहे’ म्हणून येतात. भांडू नका, वही ठेवा. आमच्याकडे ‘घरचं खातं’ नावाची वही गल्ल्याशेजारी उघडी असते. कोण आलं, काय केलं, दर किती, दिले किती. सासूबाईंचं, ताईंचं, माझंही नाव आहे त्यात, आणि आम्ही अर्धा दर भरतो. आत्यासासूबाईंनी मेमध्ये सहज पान उलटलं, आपलं नाव वाचलं, काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला हापूसची पेटी घेऊन आल्या. ती जमेला किती रुपयांची धरायची, यावर ताईंचं आणि माझं अजून एकमत नाही.