प्लग की फ्यूजमधून थेट जोडणी? उपकरण तपासताना या चुका टाळा

उपकरण तपासायला आलेला वायरमन बहुतेकदा प्लग उघडतो, पिनांचे स्क्रू घट्ट करतो आणि टेस्टर लावून पाहतो. पण ते उपकरण प्लगवर असावे की फ्यूज किंवा एमसीबीमधून (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचमधून) थेट जोडलेले असावे, हा प्रश्न तो विचारतच नाही. जे जोडलेले आहे ते योग्यच असेल असे धरून चालणे, ही तपासणीतील पहिली चूक होय.

हिंजवडीतील कार्यालयांत ब्रिटनहून आलेली उपकरणे दिसतात. तेथील प्लगमध्येच ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज असतो, कारण घराभोवती फिरवलेल्या एकाच मोठ्या वर्तुळाकार सर्किटवर अनेक सॉकेट असतात आणि उपकरणाच्या बारीक वायरीला त्या सर्किटच्या फ्यूजचे संरक्षण पुरत नाही. आपल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. त्यामुळे परदेशी प्लग कापून आपला बसवला की त्याच्यासोबत फ्यूजही जातो आणि वायर बोर्डावरील एमसीबीच्या भरवशावर राहते. शॉर्ट सर्किट झाले तर १६ अँपिअरचा एमसीबी पडेल; पण बारीक वायरीतून ८-१० अँपिअर वाहत राहिले, तर तो जागचा हलणारही नाही. अशा वेळी उपकरणाच्या वायरीत वेगळा फ्यूज घालावा किंवा ते ६ अँपिअरच्या सर्किटवर घ्यावे.

दुसरी चूक गिझरच्या बाबतीत होते. २३० व्होल्टवर २,००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो आणि ३,००० वॉटचा इन्स्टंट गिझर सुमारे १३. १६ अँपिअरच्या प्लगला हे कागदावर पेलते, परंतु सॉकेट सैल झाले की हिशेब बदलतो. सैल जागी केवळ ०.१ ओहमचा रोध निर्माण झाला, तरी १३ अँपिअरला तेथे जवळपास १७ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे प्लगच्या आत लहानसे सोल्डरिंग आयर्न तापत ठेवल्यासारखेच. पिन काळवंडलेली किंवा प्लगचे प्लॅस्टिक पिवळे पडलेले दिसले, तर फक्त प्लग बदलून भागत नाही. सॉकेटही बदलावे लागते. माझ्या मते गिझर हा न हलणारा, दीर्घकाळ मोठा प्रवाह घेणारा लोड असल्याने त्याला बाथरूमबाहेरील डीपी स्विचमधून, म्हणजे वीज आणणारी फेज आणि परतीची न्यूट्रल या दोन्ही वायरी एकदम तोडणाऱ्या स्विचमधून, थेट जोडणेच बरे.

याच्या उलट चूक गणपतीच्या मांडवात दरवर्षी दिसते. पंखा किंवा हॅलोजन हलवायचा असतो, तरी प्लग न लावता उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडीने अडकवल्या जातात आणि अर्थिंगची वायर मोकळीच लोंबत राहते. जे उपकरण हलते त्याला तीन पिनांचा प्लग हवाच. त्याची अर्थची पिन लांब ठेवलेली असते ती उगाच नाही; ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी ती योजना असते.

सर्वांत घातक चूक मात्र पेठांतील जुन्या वाड्यांत भेटते. तेथील काही बोर्डांवर फेजप्रमाणेच न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज (तार घालायचा, ओढून काढता येणारा चिनी मातीचा फ्यूज) असतो. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की उपकरण बंद पडते; लाइट गेली असे समजून माणूस ते उघडतो, पण फेज आत पोहोचलेलाच असतो. उपकरणाचा स्विच चालू असताना टेस्टर दोन्ही टोकांना पेटला, तर न्यूट्रल कोठेतरी तुटल्याची शंका घ्यावी. न्यूट्रलचा फ्यूज काढून तेथे अखंड जोडणी करून घ्यावी आणि फेजच्या किटकॅटमध्ये जाड तार घालण्याचा मोह टाळावा. तार त्याच सर्किटच्या क्षमतेची हवी. साधा एकेरी स्विच बंद करून उपकरण उघडणेही असेच फसवे असते, कारण फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर तो स्विच न्यूट्रलच तोडतो. प्लग ओढून काढल्यावर मात्र दोन्ही वायरी नक्की सुटतात. थेट जोडणीत तोच भरवसा डीपी स्विचने मिळवावा आणि हात घालण्यापूर्वी टेस्टर आधी वीज नक्की चालू असलेल्या जागी तपासून घेऊन मग लावावा.

मेगर (वायरीचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावण्यापूर्वी उपकरण पुरवठ्यापासून वेगळे करावे, शिवाय इलेक्ट्रॉनिक भाग आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) त्या मार्गातून सोडवावेत. ५०० व्होल्टची चाचणी त्यांना सोसत नाही आणि मग मूळ दोष राहतो बाजूला, नवाच निर्माण होतो.