एचआयव्ही उपचार वाढवताना या चुका टाळा

नोंदवहीत 'उपचार सुरू' या रकान्यातला आकडा वाढतोय, पण गोळ्या न्यायला येणारी माणसं तेवढी वाढत नाहीत, असं दिसलं तर आधी केंद्रापर्यंतचा रस्ता पाहा. बहुतेक ठिकाणी पेशंटवर बेफिकिरीचा शिक्का मारून समुपदेशन वाढवतात. त्याची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं कुणी विचारत नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, आयुष्यभराची असते. तब्येत सुधारलेल्या माणसाला दर महिन्याला दिवसभर रांगेत बसवलं, तर कधीतरी खाडा होणारच.

आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ साली यावर काढलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो. शेजारपाजारच्या सहा जणांपर्यंत पेशंटांचा गट करायचा. दर महिन्याला एकाने केंद्रावर जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. सहा जण असले, तर प्रत्येकाला वर्षात दोनच फेऱ्या. मात्र गटाची सक्ती नको. ज्याने घरीसुद्धा सांगितलेलं नाही, त्याला शेजाऱ्यांसमोर उभं करणं अन्याय आहे. त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या.

डॉक्टर मिळेपर्यंत थांबू नका. आफ्रिकेतल्याच मलावीत डॉक्टर अगदी मोजके होते, तरी २००४ पासून सगळ्यांना एकसारखी, सोपी औषधयोजना ठरवून क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी) आणि नर्स यांच्या हातून उपचार वाढवले. सीडी४च्या (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टसाठीही कुणाला अडवू नका. सीडी४ कितीही असो, उपचार द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय. क्षयाची लक्षणं मात्र आधी विचारा.

औषध वारंवार संपतंय? मागणीपत्रक तपासा. पेशंट वाढतात आणि मागणी जुन्याच आकड्यावर जाते. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तोवर त्याला १०,००० डॉलरहून जास्त लागत. किंमत एवढी उतरल्यावरही कपाट रिकामं राहणं मन विषण्ण करतं. तुटवड्यात तीनपैकी एक-दोनच औषधं देऊन वेळ मारून नेऊ नका. विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो. जवळच्या केंद्रातून पूर्ण संच मागवा.

डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधावर असलेल्या पेशंटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, मिलिलिटरला १,००० च्या वर आला, तर लगेच औषध बदलू नका. गोळ्या कुठे, का चुकतात ते शांतपणे विचारा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. महिनोन्महिने गायब राहून कुणी परत आलं तर आधी बसायला खुर्ची द्या, रागवू नका.