चिनी विद्यार्थ्यांची सीईटी-६ : तयारी करून घेणाऱ्या नवख्यांसाठी

चीनमधल्या विद्यापीठात पीएचडीला नाहीतर पोस्टडॉकला आलेल्या भारतीयाच्या वाट्याला एक काम हमखास येतं. मार्च उजाडला की लॅबमधली मुलं गळ घालतात : शिजिए, आमची सहावीची तयारी करून घ्या ना. वरच्या वर्षाच्या मुलीला इथे शिजिए म्हणतात, आपल्याकडच्या ताईसारखं, आणि एकदा ताई झालात की नाही म्हणायची सोय उरत नाही. आपल्याला वाटतं, इंग्रजीच तर शिकवायचंय, त्यात काय! पण ही परीक्षा माहीत नसेल तर तुमच्या चांगल्या इंग्रजीचा त्यांना फारसा उपयोग नाही. माझ्यानंतर इकडे येणाऱ्या मराठी मुलामुलींनी विचारलं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सीईटी म्हटलं की आपल्याला इंजिनिअरिंग-फार्मसीचे प्रवेश आठवतात. ही सीईटी म्हणजे कॉलेज इंग्लिश टेस्ट, आणि मुलं 'सहावी' म्हणतात ती तिची सहावी पातळी. इंग्रजी हा मुख्य विषय नसलेल्या विद्यार्थ्यांची देशव्यापी परीक्षा. चौथी पातळी १९८७ मध्ये सुरू झाली, सहावी १९८९ मध्ये. दोन्ही वर्षातून दोनदा होतात, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. चौथी सकाळी, सहावी दुपारी. एकूण गुण ७१०. चौथीला ४२५ मिळाल्याशिवाय सहावीला बसता येत नाही. २००५ च्या बदलानंतर पास-नापास असं काही अधिकृतपणे ठरवत नाहीत, नुसतं गुणपत्रक देतात. तरी ४२५ हाच आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय आणि नोकरी देणारेही बऱ्याचदा तोच विचारतात. पुढच्या शिक्षणासाठी शिफारस हवी असेल किंवा चांगल्या कंपनीत अर्ज करायचा असेल, तर सहावीचे गुण बायोडेटात लागतात. मुलं उगाच घाबरत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. मुलांचे तास जातात शब्द पाठ करण्यात, आणि मार्क जातात ऐकण्यात आणि वेळ पुरवण्यात. ग्रंथालयात जागा धरायला टेबलावर ठेवलेली शब्दांची पुस्तकं एकदा चाळून बघा. पहिली पन्नास पानं रंगीत पेनांनी माखलेली, कोपरे दुमडलेले. पुढची पानं कोरी करकरीत. दर सत्राला नवा उत्साह आणि पुन्हा पान एक. सहावीला साधारण साडेपाच हजार शब्द यावेत अशी अपेक्षा असते, पण त्यातले बरेचसे चौथीतच होऊन गेलेले असतात. मोबाइलवर बाईत्सझान किंवा शानबेइसारखं अ‍ॅप रोज अर्धा तास पुरे. त्याहून जास्त वेळ घालवणाऱ्याला मी सरळ थांबवते.

का, ते गुणांच्या वाटणीवरून कळेल. ऐकणं ३५ टक्के, वाचन ३५ टक्के, निबंध १५, भाषांतर १५. छापून येणारे गुण सरळ बेरजेचे नसतात, एका प्रमाण गटाशी ताडून ठरतात. तरी तयारीच्या हिशेबाला ही टक्केवारी चालते. ऐकण्याचे २५ प्रश्न. दोन संवादांवर ८, दोन उताऱ्यांवर ७, आणि शेवटी तीन व्याख्यानवजा ध्वनिमुद्रणांवर १०. हे शेवटचे दहा प्रश्न एकटेच २० टक्के आहेत, म्हणजे एकेक प्रश्न १४ गुणांच्या वर. उलट वाचनात गाळलेल्या जागा भरण्याचे दहा प्रश्न मिळून फक्त ५ टक्के, एका जागेला जेमतेम साडेतीन गुण. व्याख्यानावरचा एक प्रश्न म्हणजे चार गाळलेल्या जागा. तरी मुलं सुट्टीच्या दिवशी बसून काय सोडवतात? गाळलेल्या जागा. कारण त्या शब्दांच्या आहेत, आणि शब्द पाठ केल्याचं समाधान त्यातच मिळतं.

ऐकण्याचं अवघडपण नीट समजून घ्या. प्रश्न छापलेले नसतात, फक्त चार पर्याय छापलेले असतात. ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं, प्रश्नही एकदाच. व्याख्यानाचा विषय काहीही असतो, कधी मेंदूवरचं संशोधन, कधी एखाद्या उद्योगाचा इतिहास. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका मुलीला मी जुन्या पेपरातल्या व्याख्यानाचा छोटा तुकडा दिला आणि सांगितलं, एकेक वाक्य थांबवून ऐकू येईल तसं लिही. लिहून झाल्यावर मूळ मजकूर शेजारी ठेवला आणि राहिलेल्या जागांना लाल गोल केले. तिला वाटत होतं, अवघड शब्द निसटत असणार. अवघड शब्द सगळे बरोबर होते! लाल गोल होते ते 'आउट ऑफ इट' सारख्या तीन चिमुकल्या शब्दांभोवती, कारण बोलताना ते 'आउटोविट' असे एकात एक मिसळतात आणि तिच्या कानाला तो एखादा न शिकलेला नवा शब्द वाटला. तिथे ती अडली, आणि अडली म्हणून पुढची दोन वाक्यं गेली. शब्दांच्या पुस्तकात याला औषध नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. आधी पर्याय समोर ठेवून न थांबवता पूर्ण ऐकायचं आणि उत्तरं द्यायची. मग तोच तुकडा वाक्यावाक्याने लिहून काढायचा, लाल गोल करायचे. मग आवाजामागोमाग आपणही मोठ्याने म्हणायचं, बोलणाऱ्याच्याच वेगाने. इथल्या मुलांना सकाळी तळ्याकाठी उभं राहून मोठ्याने वाचायची सवय असतेच; त्या वेळेत पुस्तकाऐवजी हेडफोन घाला म्हणावं. रोज एक व्याख्यान पुरतं, पण रोज. आणि एक पथ्य आपल्यासाठी : आपण वाचून दाखवू नये. आपले उच्चार परीक्षेत नसतात. अमेरिकन आणि ब्रिटिश आवाजांचा सराव व्हायला हवा, आपल्या पुणेरी इंग्रजीचा नव्हे.

जुने पेपर जपून वापरायला सांगा. प्रत्येक सत्रात पेपरचे तीन संच निघतात, पण ऐकण्याचे बहुधा दोनच, त्यामुळे खरी ध्वनिमुद्रणं वाटतात तितकी नसतात. एप्रिलमध्येच सगळी फस्त केली तर मेमध्ये हात रिकामे. सर्वांत अलीकडचे दोन-तीन पेपर शेवटच्या पंधरवड्यासाठी बाजूला काढून ठेवायचे आणि ते शनिवारी दुपारी तीनलाच सोडवायचे. जेवणानंतर पेंग येते ती वेळ. खरी परीक्षाही त्याच वेळी असते.

भाषांतर हा असा भाग आहे जिथे मराठी माणूस खरोखर कामाला येतो. साधारण दोनशे चिनी अक्षरांचा परिच्छेद इंग्रजीत करायचा असतो, विषय चिनी इतिहास, संस्कृती, समाज नाहीतर अर्थव्यवस्था. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सरोवरं होती : ताइहू, छिंगहाय, तुंगथिंग. २०१९ च्या जूनमध्ये फुलं : मेइहुआ (प्लमचा मोहर), कमळ, पिओनी. शब्द येतात, वाक्य जुळत नाही. चिनीत विशेषणांची सगळी रांग नामाच्या आधी लागते. मराठीतही तसंच की! 'कडाक्याच्या थंडीत बर्फ झेलत फुलणारं फूल' यात फूल सगळ्यात शेवटी. इंग्रजीत फूल आधी येतं आणि बाकीचं त्याच्या मागे जातं. चिनी मुलं सगळी रांग तशीच पुढे ठेवतात आणि वाक्य कोसळतं. गोऱ्या शिक्षकाला हे चूक आहे एवढं दिसतं. का होतं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, कारण मराठी माध्यमातल्या आपण सगळ्यांनी तीच वाक्यं लिहिली आहेत. 'ए' आणि 'द' चा गोंधळही सामायिक. ना त्यांच्या भाषेत ते, ना आपल्या. फक्त अनेकवचन आणि काळ यांत आपण सुटतो, त्यांची क्रियापदं काळाप्रमाणे बदलतच नाहीत. त्यामुळे लिहून झाल्यावर दोन फेऱ्या मारायच्या : एका फेरीत फक्त क्रियापदं, दुसऱ्या फेरीत फक्त नामं. दोन मिनिटांत होतं.

तपासताना एक आवरावं लागतं. आपला हात सुंदर इंग्रजीकडे वळतो, आपण त्यांचं वाक्य पुसून आपलं लिहितो. परीक्षेत साधं, बरोबर आणि पूर्ण वाक्य चालतं. एखाद्या वस्तूचं नाव इंग्रजीत येत नसेल तर चार शब्दांत वर्णन करून पुढे जायचं.

निबंधाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दीडशे ते दोनशे शब्द, अर्धा तास. अलीकडे पहिलं वाक्य देतात आणि तिथून पुढे न्यायला सांगतात. तपासनीस १४, ११, ८, ५, २ अशा पट्ट्यांत निबंध बसवतात. इंटरनेटवरचे पाठ केलेले साचे ढीगभर मिळतात आणि तपासणाऱ्याने ते हजारदा वाचलेले असतात. स्वतःचं एक उदाहरण घातलं तरी निबंध वेगळा दिसतो.

पेपर ३ ते ५.२५. पहिली दहा मिनिटं सूचनांची, ३.१० ते ३.४० निबंध, मग अर्धा तास ऐकणं. ते संपलं की पहिली उत्तरपत्रिका काढून घेतात, निबंध आणि ऐकणं दोन्ही तीवरच असतात. उरलेल्या ७० मिनिटांत वाचन आणि भाषांतर. पेपरमधल्या क्रमाने गेलं तर सुरुवातीलाच त्या साडेतीन-साडेतीन गुणांच्या गाळलेल्या जागा येतात आणि तिथे पंधरा मिनिटं जातात. मी उलटं करायला लावते. आधी बारकाईने वाचायचे दोन उतारे, कारण त्यांचा एकेक प्रश्न पुन्हा १४ गुणांचा. मग भाषांतर. मग तो लांबलचक उतारा, ज्यात दहा विधानं कुठल्या परिच्छेदातली ते शोधायचं असतं. तिथे आधी विधानं वाचायची, त्यातले आकडे आणि नावं हेरायची आणि मगच उताऱ्यात शिरायचं. गाळलेल्या जागा शेवटी, उरलेल्या वेळात. त्या सगळ्या चुकल्या तरी ३५ गुण गेले. भाषांतर कोरं राहिलं तर शंभराहून अधिक जातात.

परीक्षेच्या दिवशीची गंमत वेगळीच. बऱ्याच विद्यापीठांत ऐकण्याचा भाग एफएमवर लावतात, आणि प्रत्येकाने आपापला रेडिओ-हेडफोन आणायचा. आधीच्या दिवसांत चाचणी प्रक्षेपण होतं. ते ऐकायला परीक्षेच्याच इमारतीत जायचं, वसतिगृहाच्या खोलीत लागलं म्हणून तिथे लागेलच असं नाही. सेल नवे. काळं पेन, २बी पेन्सिल, ओळखपत्रं, प्रवेशपत्र. निबंधाचा विषय प्रश्नपुस्तिकेच्या मागच्या बाजूला छापलेला असतो आणि ऐकण्याचा भाग सुरू होईपर्यंत पुस्तिका उघडायची नाही. उघडली तर गैरप्रकार धरतात. मागेच बारकोडची चिकटपट्टी असते, ती सोलून उत्तरपत्रिकेवर लावायची. घाबरलेल्या हातांनी ती फाटते, म्हणून हे काम पहिल्या दहा मिनिटांत शांतपणे उरकायला सांगा. ऐकण्याच्या भागाच्या सुरुवातीला वाजणाऱ्या सूचना सगळ्यांना पाठ असतात. त्या वाजत असताना पहिल्या संवादाचे पर्याय वाचून घ्यायचे.

तोंडी परीक्षा वेगळी असते, संगणकावर, आणि ऐच्छिक. कुणी मागितली नसेल तर तिच्या नादी लागू नये असं माझं मत.

जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस लागतो. गुण कमी आले तर पुन्हा बसता येतं, आणि डिसेंबरची नोंदणी साधारण सप्टेंबरमध्ये होते. गुणपत्रकावर ऐकणं, वाचन आणि लेखन-भाषांतर असे तीन आकडे वेगवेगळे छापलेले असतात. मदत मागायला येणाऱ्याकडून आधी तेच मागून घ्या. ऐकण्याचा आकडा २४९ पैकी दीडशेच्या आत असेल, तर शब्दांचं पुस्तक त्याच्या हातातून काढून घ्या आणि लाल पेन द्या.