पिनकोडची सरासरी काढू नका: मापनश्रेणी ओळखायची कशी?

सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३०, कोथरूडचा ४११०३८. दोन्हींची सरासरी ४११०३४, म्हणजे थेट कासारवाडी! एक्सेल हे उत्तर बिनतक्रार देतं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत पुरुषाला १, स्त्रीला २ असे आकडे देऊन काढलेली 'लिंग: सरासरी १.४३' अशी ओळ मी इतक्यांदा पाहिलीय की आता हसूही येत नाही.

नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरश्रेणी आणि गुणोत्तर श्रेणी ही मापनाची चौकट एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडली. व्याख्या पाठ करत बसू नका. प्रश्नावलीतला एकेक रकाना समोर घ्या आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: यात कमी-जास्त, वर-खाली असं काही आहे का? नसेल तर ती नामश्रेणी. पुण्यात इथे हमखास फसायला होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार या वारांना क्रम आहे, पेठांना नाही. कुठल्या पेठेतले किती जण ते मोजा, टक्केवारी द्या, फार तर बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर, सांगा.

दुसरा: क्रम असेल, तर पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का? समजा, स्वारगेटच्या बसथांब्यावर सात जणांना विचारलं, 'बससेवेबद्दल किती समाधानी आहात?' १ म्हणजे अतिशय असमाधानी, ३ म्हणजे ठीक, ५ म्हणजे अतिशय समाधानी. उत्तरं आली १, १, २, २, ४, ५, ५. सरासरी २.८६, म्हणजे जवळजवळ 'ठीक'. पण 'ठीक' तर एकानेही म्हटलेलं नाही! चौघे वैतागलेत, तिघे खूश आहेत. १ ते २ मधलं अंतर ४ ते ५ एवढंच आहे, हे कुणी मोजलंय? ही क्रमश्रेणी; इथे मध्यांक, म्हणजे उत्तरं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं उत्तर, घ्या; तो २ येतो. अनेक विधानांच्या गुणांची बेरीज करून सरासरी काढणारे संशोधक पुष्कळ आहेत आणि अशी सरासरी चालते का, हा वाद जुना आहे. एकट्या प्रश्नाला मात्र मी मध्यांकच मागतो.

तिसरा: शून्य म्हणजे खरोखर 'काहीच नाही' का? जानेवारीतली पहाट १० अंश सेल्सिअस आणि एप्रिलमधली दुपार ४० अंश, म्हणून दुपार चौपट गरम म्हणाल, तर तेच फॅरनहाइटमध्ये मांडून बघा: ५० आणि १०४. चौपटीची दुप्पट झाली. पायऱ्या सारख्या, पण शून्य म्हणजे 'काहीच नाही' असं नाही, म्हणून तापमानाची ही मापं अंतरश्रेणीत बसतात. फरक सांगा, पट सांगू नका. बसची वाट पाहिलेली मिनिटं मात्र गुणोत्तर श्रेणीत. शून्य मिनिटं म्हणजे बस समोरच उभी (असं क्वचित होतं). तिथे 'दुप्पट' बेलाशक म्हणा.

हे सगळं फॉर्म छापण्याआधी करा. वयासाठी '१८ ते ३०', '३१ ते ४५' असे चौकोन देऊ नका, पूर्ण वर्षं लिहून घ्या. वर्षांचे गट नंतर केव्हाही पाडता येतात. गटांतून नेमकं वय परत काढता येत नाही, आणि नेमकी सरासरी वयाची चौकशी तोंडी परीक्षेतच होते.